ऊन एकच, नावे अनेक

सांगवीतल्या सोसायट्यांच्या गच्चीवर सौर पॅनेल दिसले, तर आता कोणी मान वर करून पाहत नाही. २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली आणि अंदाजपत्रकांची चर्चा घरोघर सुरू झाली. त्यातला कळीचा आकडा म्हणजे इथे ऊन किती पडते. पण ‘ऊन’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही.

सकाळी सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आहे. किरणांकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर पत्र्यावर थेट उन्हाचे ६०० वॉट पडत असतील, तर तोच पत्रा आडवा ठेवला की ३००च पडतात. दोन्ही आकड्यांना ‘थेट सौर प्रारण’ म्हटले, तर हिशेब दुपटीने चुकतो. ढगांनी, धुळीने विखुरलेला उजेड त्यात मिळवला की तिसरा आकडा, छताने परतवलेला वजा केला की चौथा. काही ठिकाणी तर वॉटऐवजी तासाभरात साठलेले जूल दिलेले असतात. १८ लाख जूल म्हणजे सरासरी ५०० वॉट, हे ३,६०० ने भागल्यावरच कळते.

हवामान प्रारूपांच्या जगात हा गोंधळ ‘सीएफ’ संकेतांनी बराच आवरला. त्यांची पहिली आवृत्ती २००३ ची. कुठे मोजले, कोणत्या दिशेचे, लघुलहरी की दीर्घलहरी, एकूण की निव्वळ, हे सारे नावातच. नावे लांबलचक होतात खरी, पण एसटीच्या पाटीवर ‘मार्गे’ लिहिलेले असले की गाडी चुकत नाही. सांगवीपासून जवळच, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे प्रारूप ‘सीएमआयपी-६’ या जागतिक प्रकल्पात आहे. त्याचे आकडे इतर देशांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात, ते अशा सामाईक नावांमुळेच.

मराठीत मात्र विश्वकोश ‘प्रारण’ म्हणतो, वृत्तपत्रे ‘किरणोत्सर्ग’ छापतात आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे तारापूर उभे राहते. हा दोष वृत्तपत्रांचाच.

अंदाजपत्रकात राशीचे पूर्ण नाव, एकक आणि पॅनेलचा कल लिहिणे सक्तीचे करायला हवे. काम एका ओळीचे आहे. तोवर सोसायटीच्या सभेत दोन अंदाजपत्रके समोर आली, तर रुपयांच्या आधी या ओळीची विचारणा व्हावी.