छटेचा हट्ट

विमानांच्या चिमुकल्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळींची टवाळी करणे हा आमच्या पिंपरी-चिंचवडकडील सुशिक्षितांचा एक स्वस्त विरंगुळा आहे. "चांगले इंजिनियर झालेले लोक रविवारी प्लास्टिकची विमाने जोडीत बसतात आणि हिरवा गडद हवा की फिका, यावर तास तास भांडतात! हा पोरखेळ नव्हे तर काय?" असा सवाल मी अनेकदा ऐकला आहे. माझे उत्तर असे, की या भांडणाइतके शहाणपणाचे भांडण आमच्या गावात आज क्वचितच चालत असेल.

मुळात हे भांडण कशाचे, ते पाहा. नॅट हे लढाऊ विमान जेमतेम पावणेनऊ मीटर लांबीचे. 72 पटींनी लहान केले की ते 12 सेंटिमीटरांचे होते. त्यावर हवाई दलाचे वर्तुळचिन्ह लावावयाचे तर केशरी आत की हिरवा आत? केशरी आत, मग पांढरा, बाहेर हिरवा. हे 1950 पासूनचे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत तेथे अशोकचक्र होते. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर, ब्रिटिश धाटणीच्या चिन्हातला तांबडा ठिपका मुद्दाम पुसून टाकला होता. जपानी विमानावर तांबडा सूर्य असे, आणि तांबडे दिसताच आपल्याच तोफचीने आपलेच विमान पाडावे, अशी भीती होती. ज्या ठिपक्यावर वैमानिकाचे प्राण टांगलेले होते, तो क्षुल्लक कसा म्हणावा?

6 सप्टेंबर 1965 रोजी पठाणकोटच्या तळावर पाकिस्तानी हल्ला झाला आणि जमिनीवर उभी असलेली आपली विमाने जळाली. उघड्या धातूची चकाकणारी विमाने उन्हात वरून सहज हेरता येतात. म्हणून त्या युद्धात ती घाईघाईने रंगवून लपवावी लागली. 1971 सालीही मिग-21 विमानांवर ठिकठिकाणच्या तळांनी हाताशी असलेले रंग आपापल्या परीने चढविले. मग खरी छटा कोणती, हे कोणत्या कोष्टकात पाहावयाचे? जुन्या कृष्णधवल छायाचित्रावरही डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण एका जातीच्या जुन्या फिल्मवर तांबडा आणि पिवळा काळपट उमटत असे. तेव्हा ही मंडळी पुरावा मागतात, उलटतपासणी घेतात आणि कधी कधी निकाल राखून ठेवतात. इतिहाससंशोधन म्हणजे याहून निराळे काय असते?

गंमत अशी, की हे पिंपरी-चाकणच्या माणसाला शिकवावे लागू नये. येथल्या मोटारींच्या कारखान्यांत पत्र्याची बॉडी एका ठिकाणी रंगते, प्लास्टिकचा बंपर पुष्कळदा दुसऱ्याच ठिकाणी, आणि दोन्ही शेजारी बसले की छटा एक दिसावी लागते. ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग उन्हात फारकत घेतात, हे पेंट शॉपमधला साधा कामगारही जाणतो. म्हणून मान्य नमुना समोर धरून, निरनिराळ्या प्रकाशांत, यंत्राने मोजून निवाडा होतो. न जुळला तर माल परत! पण पाळी संपवून घरी आलेला हाच माणूस इतिहासाच्या बाबतीत नमुना मागत नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, असे कोणी ठोकून दिले की तो मान डोलावतो. तळपदे होऊन गेले आणि विमानविद्येचा त्यांना ध्यास होता, हे खरे. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा कोठे आहे? ज्या वैमानिकशास्त्राचा या संदर्भात डांगोरा पिटला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 सालीच दाखवून दिले. तरी 2015 च्या जानेवारीत मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच! बंपर परत पाठविणारा समाज थाप मात्र बिनतक्रार उतरवून घेतो.

आणि ज्याचा पुरावा हाती आहे, त्याची आम्ही काय पत्रास ठेवतो? कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेले मरुत 17 जून 1961 रोजी प्रथम उडाले. अशी 147 विमाने झाली आणि 1971 च्या युद्धात ती लढली. किती शाळकरी मुलांना हे ठाऊक आहे? निवृत्त विमाने गावोगाव चौथऱ्यांवर चढविली जातात आणि रंग उडाला की दुकानात मिळेल त्या ऑइलपेंटने सारवली जातात. त्या एका डब्याखाली अस्सल थर गाडला जातो, याची कोणाला खंतही वाटत नाही.

प्रतिकृतीवाल्यांनाही एक खडसावून सांगतो. परदेशी डब्यावरचा क्रमांक हे वेदवाक्य नव्हे! लोहगावचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे आणि हवाई दलातून निवृत्त झालेली माणसे पुण्यात घर करून राहिली आहेत. 1971 साली ज्यांनी हातात ब्रश धरला, ती आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. त्यांच्याकडे जा, विचारा, लिहून घ्या. जुन्या पत्र्याच्या झाकल्या कोपऱ्यातले थर परवानगीने तपासा, आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत छटा मोजणारी यंत्रे आहेत, त्या कारखानदारांकडे एका दुपारची सवलत मागा. हे काम आणखी दहा वर्षे लांबणीवर टाकले, तर विचारावयास कोणी उरणार नाही. आणि मग आपल्या विमानांचा रंगही आपल्याला परक्याच्या खोक्यावरच्या चित्रावरून ठरवावा लागेल.