न झिजता उतरणारी किंमत

मराठीत 'घसारा' हा मोठा अर्थवाही शब्द आहे. त्यात घासण्याची, झिजण्याची कल्पना आहे. जात्याची तळी झिजते, उंबरठा झिजतो, वहाणेची टाच झिजते. वापर झाला म्हणून वस्तू उणावली, हा त्यातला साधा न्याय. दारात उभ्या असलेल्या मोटारीला मात्र हा न्याय पुरत नाही. ती न चालताही उतरते. मध्यम आकाराच्या सेडान गाडीविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटले, ते याचसाठी. आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत राहत्या घराखालोखाल मोठी खरेदी बहुधा हीच असते. आणि 'पैसा गेला कुठे? तो तर दारातच उभा आहे,' हे वाक्य तिच्या बाबतीत हटकून ऐकू येते.

ही समजूत मुळात निराधार नव्हती. एके काळी अँबॅसडर किंवा फियाट गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. उत्पादन परवान्यांनी बांधलेले आणि गिऱ्हाईक उदंड. त्यामुळे वापरलेली गाडीही कधी कधी नव्या गाडीच्या ठरीव किमतीहून अधिक पैसे देऊन जाई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ते युग ओसरू लागले. टंचाई गेली, समजूत तेवढी मागे राहिली.

आता थोडा हिशेब मांडू. विमा उतरवताना गाडीचे मोल ठरवण्याचे एक प्रचलित कोष्टक आहे. पहिल्या सहा महिन्यांत मूळ किमतीतून ५ टक्के वजा होतात, वर्ष पुरे होईतो १५. दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के. त्यापुढे विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने. बाजारभाव याच्याशी तंतोतंत जुळेल असे नाही. परंतु उताराची कल्पना येण्यास एवढे पुरे. बारा लाखांची गाडी घेतली, तर वर्ष उलटताच ती ९ लाख ६० हजारांची होते आणि चार वर्षे उलटताच ६ लाखांची. पहिल्या वर्षाची घट २ लाख ४० हजार. नंतरच्या प्रत्येक वर्षाची १ लाख २० हजार. नोंदणी आणि रस्ता कर यांपायी भरलेली रक्कम तर या हिशेबात आम्ही धरलेलीही नाही.

चार वर्षांत ६ लाख, म्हणजे दिवसाकाठी सुमारे ४११ रुपये. गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालली, तर किलोमीटरमागे १५ रुपये. लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर इंधनाचा खर्च किलोमीटरमागे ७ रुपयेच येतो. पेट्रोल दोन रुपयांनी वाढले की आपण हळहळतो. त्याच्या दुपटीहून मोठा खर्च निमूटपणे होत असतो, कारण त्याची पावती कोणी फाडत नाही. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्य निर्वाह निधीतून नवी गाडी घेऊन ती वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर फिरवणाऱ्या गृहस्थाला हाच घसारा किलोमीटरमागे ५० रुपये पडतो. कमी चाललेली गाडी म्हणून विकताना थोडे अधिक मिळतील, पण काळाचे वजन त्याने फारसे हलके होत नाही.

शिवाय किंमत उतरवणारे हात पुष्कळदा घराबाहेरचे असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब अशा मध्यम सेडानवरील एकूण कर ४५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, हे चांगलेच. परंतु नवी उतरली की जुनीलाही तिच्यामागून उतरावेच लागते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ आणि २०१८ च्या आदेशांनी बंदी आली. पुढे २०२५ मध्ये त्यात फेरफार झाले. पण दरम्यान पडेल भावाने गाडी विकलेल्याला ते पैसे परत कोण देणार? रुचीही पालटते. लोक उंच बांध्याच्या गाड्यांकडे वळले आणि सेडानचे गिऱ्हाईक रोडावले. २०१४ मध्ये आलेली मारुती सियाझ २०२५ मध्ये बंद झाली.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील कुटुंबांना यात आणखी एक पदर आहे. इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथे नोंदवलेली गाडी मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला घेऊन जातो. ती तेथे बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे नवी नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. पुण्याचा खरेदीदार हा सारा खर्च मनाशी धरूनच भाव सांगतो. तेव्हा गाडी शक्यतो जेथे नोंदवली तेथेच विकावी. आणि विकल्यावर नाव बदलले गेल्याची खात्री अवश्य करावी. नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईचे दायित्वही त्याचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

यावरून गाडी घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. आजारी आईला रात्री इस्पितळात नेणारी गाडी कोष्टकात मावत नाही. एवढेच, की ती ठेव समजून घेऊ नये, खर्च समजून घ्यावी. नवीच घ्यायची, तर दहा-बारा वर्षे वापरावी, म्हणजे पहिल्या वर्षाचा मोठा उतार अनेक वर्षांत वाटला जातो. फिरणे थोडे असेल, तर देखभालीच्या नोंदी नीट असलेली तीन-चार वर्षांची गाडी पाहावी. तिचा उभा उतार पहिल्या धन्याने सोसलेला असतो. आणि दर तीन वर्षांनी गाडी बदलण्याची हौस असेल, तर ती हौस म्हणूनच करावी. मुलांच्या शिक्षणाच्या किंवा स्वतःच्या म्हातारपणाच्या पैशातून मात्र ती करू नये.