काट्याची पावती कोणी द्यावी?

अमेरिकेतील महामार्गांवरून, पिकअप ट्रकच्या हौद्यात आपले नाक टेकवून डौलात चाललेले फिफ्थ व्हील जातीचे फिरते घर ज्याने एकदा आतून पाहिले असेल, त्याला ते बनविणाऱ्यांच्या कल्पकतेचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. भिंतीतून बाहेर सरकणारा दिवाणखाना, दगडाचा भास देणारा स्वयंपाकाचा ओटा, दुहेरी दारांचा फ्रिज, कपडे धुण्याचे व वाळविण्याचे यंत्र, इतकेच काय, पण विजेवर चालणारी खोटी अंगीठीसुद्धा, असा सारा संसार त्या दहाबारा मीटरांच्या पेटीत बसविलेला असतो. परंतु हा संसार ज्यांच्या आधारावर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने धावतो, ते दोन ॲक्सल पाहण्यासाठी कोणी गिऱ्हाईक जमिनीवर उताणे पडत नाही, आणि विक्रेता तर त्यांचा विषयच काढीत नाही. हे ॲक्सल वाकतात, त्यांचे पाटे तुटतात, टायर एका अंगाने झिजून भर रस्त्यात फुटतात, आणि प्रत्येक वेळी मालकाने सामान फार भरले असेल, अशी त्याच्यावरच तोहमत येते. माझ्या मते या दोषाचे मूळ कारखान्यात कागदावर केलेल्या एका बेरजेत आहे, आणि ती बेरीज दुरुस्त करण्याची जबाबदारी मालकाची नसून कायद्याची आहे.

ती बेरीज समजण्यासाठी या वाहनाची रचना थोडी पाहावी लागेल. विमानविद्येतील एक आद्य पुरुष ग्लेन कर्टिस याने आयुष्याच्या अखेरीच्या वर्षांत, १९२० नंतरच्या दशकात, ‘एरोकार’ नावाचे ओढून नेण्याचे घर बनविले आणि त्याचे नाक मोटारीच्या मागे लोंबकळत न ठेवता मोटारीतच आडव्या बसविलेल्या हवेच्या टायरात अडकविले. ट्रेलरचा काही भार ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या चाकांवर घेतला म्हणजे मागची पेटी झोकांड्या खात नाही, हे त्यामागील तत्त्व आजही कायम आहे. हल्ली हवेच्या टायराऐवजी पोलादी खुंटी ट्रकच्या हौद्यातील तबकडीत अडकते एवढाच फरक. सर्वसाधारणपणे एकूण वजनाचा पाचवा हिस्सा या खुंटीवर येतो आणि बाकीचा दोन ॲक्सलवर. येथवर तक्रारीस जागा नाही.

तक्रार सुरू होते ती पुढे. समजा, एखाद्या घराचे कमाल अनुज्ञेय वजन ७,५०० किलो आहे. त्याखाली बसविलेल्या ॲक्सलची क्षमता प्रत्येकी ७,००० पौंड, म्हणजे ३,१७५ किलो. दोहोंची मिळून ६,३५०. वजन साडेसात हजार आणि आधार सव्वासहा हजारांचा, हे कसे, असे विचाराल तर उत्तर तयार असते : उरलेला भार खुंटी घेते. खुंटीने वीस टक्के घेतले तर ॲक्सलवर ६,००० किलो येतात आणि कागदावर ३५० किलो शिल्लक दिसते. पण हीच खुंटी पंधरा टक्केच भार घेऊ लागली, तर ॲक्सलवर ६,३७५ किलो येतात आणि शिल्लक संपून पंचवीस किलोंची तूट निघते. तीही गाडी समतल रस्त्यावर स्वस्थ उभी असताना. रस्त्यात खड्डा लागला, काँक्रीटच्या सांध्यांवरून चाके मैलोन्‌मैल आदळत राहिली, म्हणजे क्षणोक्षणी त्या ॲक्सलवर किती भार येत असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ज्या जमाखर्चात शिलकीचा असा मागमूस नसतो, तो कोणताही फडणवीस मंजूर करणार नाही.

बरे, खुंटीवरचा भार ही काही स्थिर रक्कमही नव्हे. मालकाने मागील बंपरवर सायकलींची चौकट बसविली की तरफेचा नियम आपले काम करू लागतो. खुंटीपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर सात मीटर आणि ॲक्सलपासून मागच्या टोकापर्यंतचे साडेतीन मीटर धरले, तर टोकावर ठेवलेले शंभर किलो खुंटीवरचे पन्नास किलो उचलतात आणि ॲक्सलवर दीडशे किलो घालतात. म्हणजे मालक शंभर किलो ठेवतो आणि ॲक्सल दीडशेची शिक्षा भोगतो. पाण्याची टाकी भरली की आणखी दोनअडीचशे किलो वाढतात. ती टाकी कोठे बसविली आहे हे ठरविणारा मालक नसतो. त्यातच बाहेर सरकणाऱ्या खोल्या बहुधा एका अंगाला अधिक जड असतात. फ्रिज, ओटा, कपाटे ही सारी एकाच बाजूस, आणि दुसऱ्या बाजूस नुसता कोच. ॲक्सलवरची बेरीज मर्यादेत असूनही एक चाक आपल्या वाट्याहून कितीतरी अधिक भार घेत असते, आणि हे मालकाला कळण्याचा साधा मार्ग नसतो. हमरस्त्यावरच्या ट्रकथांब्यांवर वजनकाटे आहेत, थोडक्या डॉलरांत काट्याची पावतीही मिळते. परंतु तेथे दोन्ही ॲक्सल एकाच फळीवर उभे राहत असल्यामुळे केवळ त्यांची एकत्र बेरीज हाती येते. प्रत्येक चाकाचे वेगळे वजन करून देण्याची सोय टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे एस्केपीज या प्रवाशांच्या संघटनेने केली आहे. तेथे जाणारा मनुष्य बहुधा आधी एकदोन टायर फोडूनच आलेला असतो.

अतिभाराची साक्ष प्रथम टायर देतो. ॲक्सलची नळी, जी या क्षमतेला सुमारे तीन इंच व्यासाची असते, मुद्दामच मध्यभागी किंचित वर उचललेली बनवितात, जेणेकरून भार आल्यावर ती सरळ व्हावी आणि टायर रस्त्यावर सपाट टेकावेत. भार मर्यादेपलीकडे गेला की ती सरळ होऊन थांबत नाही, खाली झुकते. दोन्ही चाकांचे माथे आत कलतात आणि टायरांची आतली कड, जी उभ्या माणसाला दिसत नाही, ती भराभर झिजू लागते. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारा दाखवीत असतो.

माझे एक स्नेही मूळचे सांगलीकडचे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते सपत्नीक असे घर घेऊन हिंडू लागले आणि हिवाळ्यात ॲरिझोनामधील क्वार्टझाइट या वाळवंटी गावी, जेथे दरसाल अशा घरांची मोठी जत्रा भरते, त्यांनी मुक्काम ठोकला. मीही पाहुणा म्हणून तेथे होतो. खोक्याचा पुठ्ठा अंथरून आम्ही दोघे गाडीखाली सरकलो, तेव्हा दोन पाट्यांना जोडणाऱ्या मधल्या तराजूपाशी बोल्टचे जे भोक वाटोळे असावयास हवे होते ते अंड्याच्या आकाराचे झालेले दिसले. आतला नायलॉनचा बुश कधीच झिजून गेला होता, त्याचा चुरा तेवढा कडेला चिकटून राहिला होता, आणि उघडा बोल्ट पोलादी पट्टी कातीत बसला होता. वहिनी बाहेरून म्हणाल्या, “अहो, मी तेव्हाच म्हटलं होतं, खाली काय आहे ते विचारा म्हणून.” आतून उत्तर आले, “विचारलं होतं गं, त्यानं गालिचा दाखवला.”

त्या बुशाची गोष्ट लहान असली तरी सूचक आहे. नायलॉनऐवजी काशाचे बुश आणि ग्रीस भरता येईल असे बोल्ट घातले तर हा सांधा कितीतरी अधिक टिकतो, हे या धंद्यातील प्रत्येक मिस्त्री जाणतो, आणि गाडी विकत घेतल्यावर मालकाने स्वखर्चाने जी पहिली सुधारणा करावी म्हणून तो सांगतो, तीही हीच. दोन ॲक्सलची गाडी अरुंद जागेत वळवून मागे घेताना एकाच बाजूचे पुढचे व मागचे टायर परस्परविरुद्ध दिशांना आडवे फरफटतात. तो सारा पीळ या पट्ट्यांवर, बोल्टांवर आणि चासीला डाग दिलेल्या कड्यांवर येतो. मुक्कामाच्या जागी गाडी लावताना असे वळण रोज घ्यावे लागते हे कारखानदारास ठाऊक नसते, असे मानण्याइतका मी भोळा नाही.

मालकाच्या पदरी काहीच कसूर नसते, असा माझा दावा नाही. बेअरिंगची देखभाल ही सर्वस्वी त्याची जबाबदारी. वर्षातून एकदा किंवा बारा हजार मैलांनी हब उघडून, आतील दोन्ही बेअरिंगे धुऊन, पुन्हा ग्रीस भरून, मागचे सील नवे घालून बसविण्याची ताकीद ॲक्सलच्या पुस्तिकेत असते; ती न वाचता हबच्या टोपणातल्या छिद्रातून पिचकारीने ग्रीस मारीत राहणारे महाभाग ते सील फोडून सारे वंगण ब्रेकवर नेऊन ओततात आणि मग ब्रेक लागत नाही म्हणून कारखान्यास शिव्या देतात. चाक बसविल्यावर दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांनी नट पुन्हा आवळावेत, हे न केल्यामुळे स्टड तुटून चाक सुटल्याच्या कथाही खऱ्या आहेत. टायरवाल्याने ॲक्सलच्या नळीखालीच जॅक लावून ती वाकविली, तर त्याला जाब विचारणे हेही मालकाचेच काम. परंतु या दुर्लक्षाने बेअरिंग जळते, ब्रेक बिघडतो. मुळात तोकडी निवडलेली नळी कितीही देखभाल केली तरी मोठी होत नाही.

आणि ती नळी एकदा वाकली म्हणजे दाद मागण्याचा जो प्रकार सुरू होतो तो आपल्याकडील कोणत्याही कचेरीस लाजविणारा आहे. घराचा कर्ता म्हणतो, ॲक्सल आमचा नव्हे, आम्ही तो विकत घेतला. ॲक्सलचा कर्ता म्हणतो, आमचा माल निर्दोष होता, तुम्ही भार किती घातला होता ते दाखवा, काट्याची पावती आहे का? विक्रेता दोहोंकडे बोट दाखवितो आणि तीन महिन्यांनंतरची तारीख देतो. सदोष मोटारीच्या खरेदीदारास संरक्षण देणारे कायदे अमेरिकेत राज्याराज्यांत आहेत. पण त्यांपैकी अनेकांत ओढून नेण्याच्या वाहनांना स्थान नाही. निरपराध असल्याचा पुरावा फिर्यादीनेच आणावा, असा हा न्याय.

दुरुस्ती होते, नाही असे नाही. वाकलेला ॲक्सल जाणकार कारखान्यात जलदाबाच्या यंत्राने, तापविल्याशिवाय, पुन्हा रेषेत आणता येतो; फार वाकला असेल तर बदलावा लागतो, आणि तसा बदलताना दोन हबांमधील व दोन पाट्यांमधील अंतरे बिनचूक मोजून नवा मागवावा लागतो. रबरी पिळावर चालणारा, पाटे नसलेला ॲक्सल असेल तर रबर निकामी झाल्यावर तो संपूर्ण बदलण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय त्या प्रकारात दोन ॲक्सलमध्ये भार वाटून घेणारा तराजू नसल्याने, उंच ट्रकमुळे घराचे नाक वर राहिले तर मागचा ॲक्सल जवळजवळ एकट्याने ओझे वाहतो. शहाणे मालक सात हजार पौंडांचे काढून आठ हजारांचे घालतात. त्यांनी पदरचे पैसे खर्चून गाडी सुरक्षित केली तरी डाव्या अंगास पुढे चिकटविलेल्या पत्रकावरचे आकडे मात्र तेच राहतात, कारण कायद्याच्या दृष्टीने क्षमता ठरविणारा कारखानदार एकटाच. हा अधिकार त्याच्याकडे ठेवावा. मग त्याच्या बरोबरीची जबाबदारीही त्याच्याकडेच असावी.

माझी सूचना साधी आहे. ॲक्सलची एकत्रित क्षमता वाहनाच्या कमाल वजनाइतकी असावी, आणि खुंटीच्या वाट्याचा भार या हिशेबात जमा धरण्याची मुभा काढून घ्यावी. म्हणजे खुंटी जो भार घेईल तो खऱ्या अर्थाने शिलकीत पडेल. त्याचबरोबर विक्रीच्या कागदपत्रांना त्या विशिष्ट वाहनाची, प्रत्येक चाकाच्या वेगळ्या वजनाची पावती जोडणे बंधनकारक करावे. टायरांच्या बाबतीत असे पाऊल पडलेलेही आहे : ट्रेलरच्या टायरांना दहा टक्के अधिक क्षमता राखण्याचे बंधन उद्योगाच्याच संघटनेने २०१७ मध्ये आपल्या सभासदांवर घातले. टायर फुटतो तेव्हा आवाज होतो, नळी मुकाट्याने वाकते, एवढ्यावरून एकाला राखीव बळ आणि दुसरीला नाही, असा भेद करण्याचे कारण दिसत नाही.

यावर उद्योगाकडून घाईची आणि किमतीची सबब पुढे येईल. घाई तर आम्ही पाहिलीच : २०२१ साली, साथीच्या भीतीने सारी अमेरिका घराबाहेरच्या घरात राहावयास निघाली तेव्हा, सर्व प्रकारची मिळून सहा लाख फिरती घरे कारखान्यांतून बाहेर पडली, त्यांतील बहुसंख्य इंडियाना राज्यातील एल्कहार्ट या एका परगण्यातून, जेथे नगावारी मजुरीची पद्धत रूढ आहे आणि दिवसाचे ठरलेले नग पुरे झाले की कामगार घरी जातो. अशा ठिकाणी ओट्याचा दगड जाड झाला म्हणून ॲक्सलचा हिशेब पुन्हा मांडायला थांबणार कोण? आपल्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे क्षमतेपलीकडे भरलेले ट्रेलर डुलत जाताना पाहून आपण वाहतूकदाराला बोल लावतो, आणि तो योग्यच असतो, कारण मोळ्या रचणारा हात तेथे डोळ्यांना दिसतो. या घरांत मोळ्या कारखान्यानेच रचलेल्या असतात, वर त्यांना पॉलिश केलेले असते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. उद्या अशी ओढून नेण्याची घरे येथे बनू लागली, तर परवान्याच्या अर्जात गालिच्याच्या आधी ॲक्सलचा रकाना असावा.

राहिली किंमत. लाखभर डॉलरांच्या घरात आठ हजार पौंडांचे ॲक्सल घातल्याने पडणारा फरक त्या खोट्या अंगीठीच्या आसपासच येईल, ती काढा.