शेवट गोड, पण नोकरीचं काय?

अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांच्या याद्यांमध्ये ऐतिहासिक प्रेमकथांना हक्काची जागा आहे. सेरा सन्डिन यांची 'विंग्ज ऑफ द नाइटिंगेल' ही मालिका २०१२ साली सुरू झाली. तिच्या नायिका दुसऱ्या महायुद्धात विमानातून जखमी सैनिक आणणाऱ्या परिचारिका आहेत. श्रद्धा, सेवा, प्रेम आणि शेवटी लग्न, असा या प्रकारच्या कादंबऱ्यांचा साधारण साचा असतो.

अशा पुस्तकांना नाक मुरडायची आपल्या चळवळीत रीत आहे. मला ती पटत नाही. एक तर बाया ही पुस्तकं आवडीनं वाचतात. दुसरं म्हणजे, युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावं असतात, बेडपॅन उचलणारीचं नसतं. या फ्लाइट नर्सेसची पहिली तुकडी फेब्रुवारी १९४३ मध्ये केंटकीतल्या बोमन फील्डवरून बाहेर पडली. जाताना सामान आणि सैनिक नेणारं विमानच परतताना जखमींना आणायचं, त्यामुळे त्यावर रेडक्रॉसची खूण लावता येत नसे. वर बहुधा डॉक्टर नसायचा, निर्णय तिचाच. अशा सुमारे ५०० जणींपैकी १७ जणी युद्धकाळात मेल्या. एखाद्या प्रेमकथेमुळे हे कुणाला कळत असेल, तर कळू दे.

'देवाचं बोलावणं' या शब्दालाही मी हसणार नाही. त्या शब्दानं कितीतरी मुलींना घराचा उंबरठा ओलांडता आला. आपल्याकडेही परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणं हलकं मानलं जात होतं, तेव्हा मिशन हॉस्पिटलांतून या कामात पुढे आल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती बायाच. पण हाच शब्द उलटाही फिरतो: सेवा आहे ना, मग पगार कशाला मागता?

माझा खरा आक्षेप गोड शेवटाला आहे. अमेरिकी लष्करात १९४२ पर्यंत लग्न केलेल्या परिचारिकेला नोकरी सोडावी लागे; नौदलात हा नियम १९४५ पर्यंत टिकला. खांद्यावर अधिकाऱ्याची खूण होती, पण पूर्ण कमिशन जून १९४४ मध्ये मिळालं, तेही तात्पुरतं. काळ्या परिचारिकांवर तर कोटा होता. मेबल स्टॉपर्स यांनी तो लढून जानेवारी १९४५ मध्ये उठवायला लावला. म्हणजे कादंबरी जिथे संपते, तिथे कित्येकींची नोकरी संपत होती. नायकाच्या नोकरीला मात्र लग्नानं धक्का लागत नव्हता.

ही लांबची गोष्ट नाही. आपल्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या एका अधिकारी बाईला १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून काढलं गेलं. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला. तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. छत्तीस वर्षांनी!

तेव्हा मैत्रिणींनो, अशा कादंबरीचं प्रकाशन असेल तर जरूर जा, पुस्तक घ्या, गटात वाचा. फक्त शेवटचं पान मिटल्यावर एकमेकींना विचारा: लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हिची ड्यूटी कुणी लावली होती? की लावलीच नव्हती?