ग्रहण पाहण्याची फुरसत

16 फेब्रुवारी 1980 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवारपासून पुरीपर्यंत देशाला छेदून गेला. मुंबईत ते खंडग्रासच होते. तरीही त्या दुपारी शहराचे रस्ते ओस पडले आणि लोकांनी घरातच बसावे म्हणून दूरदर्शनने चित्रपट दाखविला. सूर्याकडे सुरक्षितपणे कसे पाहावे हे शिकविण्याऐवजी, कोणी पाहूच नये याची सोय झाली. मात्र काही हौशी निरीक्षक दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन त्या पट्ट्यात उभे होते. अशा माणसांची संभावना पुरोगामी वर्तुळातही ‘पोट भरलेल्यांचा छंद’ अशीच होते. हा आक्षेप तपासून पाहण्याजोगा आहे.

त्यात तथ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 18 जुलै 1860 चे खग्रास ग्रहण टिपण्यासाठी वॉरन डे ला रू हा इंग्रज स्पेनमधील रिवाबेयोसा या खेड्यात गेला. तो विद्यापीठातील ज्योतिर्विद नव्हता. पत्ते, लिफाफे आणि तिकिटे छापणाऱ्या घराण्यातील तो कारखानदार. भारताची टपाल तिकिटेही 1855 पासून, पुढे नाशिकचा सरकारी छापखाना सुरू होईपर्यंत, बहुतांशी याच कंपनीने छापली. अवजड उपकरणे वाहून नेण्यास त्याला ब्रिटिश नौदलाचे जहाज मिळाले. त्याच्या फुरसतीमागे कारखान्याचा नफा होता आणि त्या नफ्यामागे इतरांचे श्रम होते.

परंतु त्या फुरसतीतून निपजलेले ज्ञान कारखानदाराच्या मालकीचे राहिले नाही. खग्रास अवस्थेत चंद्रबिंबाच्या कडेने दिसणाऱ्या तांबूस ज्वाला सूर्याच्या, चंद्राच्या की केवळ दृष्टिभ्रम, असा तेव्हा वाद होता. डे ला रूच्या काचांवर असे उमटले की, चंद्र पुढे सरकतो तशा एका बाजूच्या ज्वाला झाकल्या जातात आणि दुसऱ्या बाजूच्या उघड्या पडतात. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळून आंजेलो सेक्की या धर्मगुरू शास्त्रज्ञाने घेतलेल्या चित्रांतही त्याच ज्वाला दिसल्या. ज्वाला सूर्याच्याच, हे ठरले. डोळ्यांनी पाहिलेले ज्याच्या त्याच्यापाशी राहते. छायाचित्र मात्र सर्वांना तपासता येते. ज्ञानाचे सामाजिकीकरण म्हणतात ते याहून वेगळे काय?

आपल्याकडे ग्रहणाचीही जातवार वाटणी होती. वरच्या आळीत वेध, सोवळे आणि तुळशीपत्र. आणि ग्रहण सुटताना ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी देत जुनेर मागत फिरणारा मांगवाड्यातील माणूस. सूर्याला लागलेला कल्पित दोष शेवटी त्याच्या झोळीत पडे. राहू-केतूच्या कथेने एकाला भय दिले आणि दुसऱ्याला लाचारी. अशा समाजात ग्रहण उघड्यावर पाहणे आणि त्याचे छायाचित्र चारचौघांत मांडणे यास छंदापलीकडचा अर्थ प्राप्त होतो.

या छंदाची शिस्तही शिकण्याजोगी आहे. खग्रास अवस्था कोठेही साडेसात मिनिटांच्या वर टिकत नाही. बहुधा दोन-चार मिनिटांचाच खेळ. तोपर्यंत भिंगाच्या पुढे सौरगाळणी हवीच. ती नेत्रिकेच्या बाजूला लावणे म्हणजे डोळा गमावणे. सूर्य पूर्ण झाकला गेला की ती काढायची आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापासून दोन-तीन सेकंदांपर्यंत निरनिराळी उद्भासने घ्यायची. कारण प्रभामंडलाचा आतला भाग तेजस्वी, तर बाहेरचा अत्यंत फिका. म्हणून आधी कितीतरी दिवस तालीम करावी लागते. इतके करूनही ढग आले तर रिकाम्या हाती परतावे लागते आणि पुढच्या ग्रहणाची तयारी करावी लागते.

महागड्या कॅमेऱ्याशिवाय हे साधत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. पुठ्ठ्याला टाचणीने पाडलेले छिद्रही खंडग्रास सूर्याची कोर कागदावर उमटविते. झाडाच्या पानांतील फटी तीच कोर अंगणभर विनामूल्य सांडतात. कमतरता आहे ती फुरसतीची आणि मार्गदर्शनाची. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती सुटी केवळ थकवा घालविण्यासाठी मागितली गेली, असे मानणे म्हणजे कामगाराला यंत्र मानणे होय. त्यालाही आकाश पाहण्याचा हक्क आहे.

2 ऑगस्ट 2027 चे ग्रहण पश्चिम भारतातून खंडग्रास दिसणारे आहे. दिवस सोमवारचा, म्हणजे शाळेचा. आणि तिथी दिव्यांच्या अवसेची. शाळा बंद ठेवण्याचा आग्रह तेव्हाही धरला जाईल. कार्यकर्त्यांनी उलट आग्रह धरावा. शाळा उघड्या राहाव्यात, नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी प्रमाणित सौरचष्मे पुरवावेत, गावातील हौशी निरीक्षकाला मुलांपुढे बोलावावे आणि ग्रहण चालू असतानाच सर्व वाड्यावस्त्यांतील मुलांनी एका पंगतीत खाऊ खावा. पावसाळी ढगांनी सूर्य दिसू दिला नाही, तरी ती पंगत वाया जाणार नाही.