लाख डॉलरचा दरवाजा आणि 'मेरिट'ची सोडत

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं. परदेशातून नवा एच-१बी कर्मचारी आणायचा असेल, तर मालक कंपनीने प्रत्येक अर्जामागे एक लाख डॉलर भरायचे. तेव्हाच्या दराने साधारण ८८ लाख रुपये. दोन दिवसांत ते लागूही झालं. त्या आठवड्यात वाहिन्यांवर एकच रडगाणं होतं: भारताच्या गुणवत्तेला शिक्षा! आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र उलटा सूर होता: बरं झालं, आरक्षणाला शिव्या देणारे आता परत येतील. मला दोन्ही सूर खोटे वाटतात.

आधी गुणवत्तेचं बघू. एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. खासगी कंपन्यांसाठी वर्षाला ६५,००० जागा, आणि अमेरिकेतच मास्टर्स किंवा त्यापुढचं शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० राखीव. 'राखीव' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त, म्हणून संगणकावर सोडत निघते. म्हाडाच्या घरांची निघते तशीच. नाव निघालं तो हुशार, नाही निघालं तो थोडाच ढ असतो? पण आपल्याला 'कोटावाले' म्हणून टोमणे मारणाऱ्या घरांनी हा कोटा आणि ही सोडत वर्षानुवर्षं निमूट मान्य केली. अजंता सुब्रमण्यम यांनी 'द कास्ट ऑफ मेरिट' (२०१९) या पुस्तकात आयआयटी मद्रासच्या अभ्यासातून दाखवलंय, की पिढीजात जातीचं भांडवल 'गुणवत्ता' असं नाव घेऊन कसं मिरवतं. अमेरिकेचा व्हिसा हा त्या भांडवलावरचा सगळ्यात झळाळता शिक्का होता.

मग आपण टाळ्या का वाजवायच्या नाहीत? कारण हे शुल्क नेमकं कुणाला अडवतं ते पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने खुलासा केला, की अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेला उमेदवार तिथेच राहून एच-१बी वर गेला, तर हे लाख डॉलर लागत नाहीत. लागतात ते भारतातून थेट बोलावलेल्याला.

वसतिगृहात माझ्यासोबत अभ्यासिकेत बसणारा एक मित्र हैदराबादच्या एका कंपनीत सहा वर्षं काम करतोय. आईवडील ऊसतोडीला जायचे, हा घरातला पहिला पदवीधर. तिकडच्या प्रोजेक्टसाठी तुझं नाव टाकू, असं त्याला दोन वर्षं सांगितलं जात होतं. आता साहेब म्हणतात, 'इथून कुणालाच पाठवणार नाही.' त्याच्याच टीममधल्या एकाच्या वडिलांनी फ्लॅट तारण ठेवून त्याला अमेरिकेत एमएसला पाठवलं होतं. तो तिथूनच अर्ज करेल. दोघांच्या कामात फरक नाही, फरक त्या फ्लॅटचा आहे. साडेसात लाखांच्या पुढच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. ज्याच्या सातबाऱ्यावर काहीच नाही, त्याने काय ठेवायचं?

त्यात सोडतही बदलली. फेब्रुवारी २०२६ पासून तिला पगाराचं वजन आलंय. सगळ्यात वरच्या वेतनश्रेणीतल्या उमेदवाराचं नाव चार वेळा टाकलं जाईल, सगळ्यात खालच्या श्रेणीतल्याचं एकदाच. उशिरा शिकलेला, उशिरा नोकरीला लागलेला माणूस कुठल्या श्रेणीत असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

याहून खोल प्रश्न मालकीचा आहे. हा व्हिसा मालकाच्या अर्जावर उभा असतो. नोकरी गेली, तर दुसरा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. अशा वेळी जातीवरून छळ झाला तर तक्रार कोण करेल? २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तसंच विधेयक गव्हर्नरांनी मात्र नाकारलं. म्हणजे कायद्याचा आधार अजून अर्धामुर्धाच आहे. आणि तुमच्यासाठी ८८ लाख मोजलेली कंपनी ते विसरू देईल, असं वाटतं का?

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हा संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. तो पाळायला १९१७ मध्ये ते बडोद्याला आले, तर राहायला जागा मिळेना. पदवी होती, मोठी जागा होती, पाठीशी महाराज होते. तरी जात आडवी आलीच. कराराने बांधलेल्या माणसाला जात कशी गाठते, हे आपल्याला नव्याने शिकायचं नाही.

म्हणून दोन गोष्टी. एक, तुमच्यापैकी कुणाची कंपनी नाव टाकत असेल, तर लक्षात ठेवा: एच-१बी साठी मालकाने भरायचं प्रशिक्षण शुल्क कर्मचाऱ्याकडून वसूल करायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. एजंट किंवा कंपनी पगारातून कापू पाहत असेल, तर लेखी विचारा आणि सही करण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा.

दुसरी गोष्ट सरकारसाठी. एच-१बी च्या वाटाघाटी म्हणजे फक्त आयटी कंपन्यांचं दुखणं नव्हे. परदेशात शिकायचा रस्ता आपल्यासाठी मुख्यतः शिष्यवृत्तीतून जातो. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या अख्ख्या देशासाठी वर्षाला १२५ जागा आहेत. २०२५-२६ साठी १०६ जण निवडले गेले, आणि निधीचं कारण सांगून सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रं दिली. बाकीचे विद्यापीठाचा प्रवेश हातात धरून वाट पाहत बसले.

लाख डॉलरच्या दरवाजासमोर रडणाऱ्यांना म्हणून एवढंच विचारते: त्या पोरांसाठी तुमच्या वाहिनीवर किती मिनिटं होती?

जय भीम.