आय घरीच असते



मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. एकदा रातपाळी करून आलो नि आडवा झालो, तोच दारात सरकारी सर्व्हेवाला उभा. त्यानं विचारलं, "आई काय करते?" अर्धवट झोपेत मी बोललो, "आय? घरीच असते."

आय तेव्हा घरामागं गोवऱ्या थापत होती. त्याआधी तिनं नळावर पाणी भरलं होतं, सरपण आणलं होतं, भाकरी बडवल्या होत्या. पावसाळ्यात ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, पुढं कापूस वेचते. माझ्या दोन शब्दांनी ती देशाच्या हिशेबातून पुसली गेली.

त्या हिशेबाची तऱ्हा ऐका. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई म्हणजे ९२ नंबर. घरकाम करून वर सरपण-चारा गोळा करणारी, घरापुरतं शिवणटिपण करणारी म्हणजे ९३ नंबर. दोन्ही नंबर श्रमबलाच्या बाहेर. हीच बाई पगार घेऊन दुसऱ्याच्या घरी भाकरी थापू लागली की कामगार! भाकरी तीच, चटका तोच. वेळ कुठं जातो याचं सरकारी सर्वेक्षण २०२४ साली झालं. त्यात निघालं की घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८. म्हणजे सरकारला माहीत आहे. माहीत असून बाहेर ठेवायचं, ही रीत आपल्या चांगली ओळखीची आहे. गावकुसाबाहेरच्यांचं राबणं गावाला काय माहीत नव्हतं?

आता आकडा वाढला म्हणून ढोल वाजतायत. पंधरा वर्षांवरच्या बायांचा श्रमबलातला सहभाग २०१७-१८ साली २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ साली ४१.७ टक्के झाला. वाढला, खरंय. पण त्या साली कामकरी म्हणून मोजलेल्या शंभर बायांत ३७ जणी घरच्याच शेतात-दुकानात बिनपगारी मदतनीस. वर्षात तीस दिवस काम केलं तरी बाई दुय्यम कामगार म्हणून धरली जाते. बाई कामाला लागली एवढं आकडा सांगतो. तिच्या हातात काय पडलं ते विचारलं की मुका होतो.

आणि "बाहेर पडा" म्हणून आपल्या बायांना शिकवणारे हे कोण? त्या आत होत्या कधी? बीडकडची ऊसतोड बघा. दलित, भटके, भूमिहीन सगळे त्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम बोलणार नवऱ्याशी, उचल त्याच्या हातात. बाई म्हणजे अर्धा कोयता. खाडा पडला की दंड. म्हणून पाळी नको, म्हणून पिशवीच काढून टाकायची. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या. यांचा सहभाग पुरेपूर आहे. गर्भाशयासकट!

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या बिलाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितलं, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचं हित आहे. बाई किती राबते यावर त्यांनी राष्ट्र मोजलं नाही, राष्ट्र तिला काय देतं यावर मोजलं. १९४२ साली नागपुरात त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. ते आपण बॅनरवर लिहितो. आणि बॅनरमागं दोनशे माणसांचा स्वयंपाक कोण करतं? शिबिरात आपण क्रांतीवर बोलतो तेव्हा भांडी कोण घासतं? बैठकीच्या वृत्तांतात तिचं नाव येतं? दोस्तांनो, आपल्याही रजिस्टरात ती ९२ नंबरच आहे.

म्हणून मागायचं ते असं. मजुरी तिच्या नावानं, तिच्याच हातात. उचलीच्या कागदावर तिची सही. फडावर पाळणाघर. दुखण्याच्या दिवसाला दंड नाही. हे सरकारकडं आणि कारखानदाराकडं मागायचं. पुढच्या शिबिरात भांडी घासायला मात्र कुणाकडं मोर्चा न्यायची गरज नाही. मी बसतो, तुम्ही या.

तो सर्व्हेवाला पुन्हा आला तर मी उत्तर देणार नाही. आयला हाक मारीन. ती सांगंल. तिचं सगळं सांगणं त्याच्या फॉर्मात मावत नसंल, तर फॉर्म बदला.

जय भीम!